अकरा मिनिटांचा बिल्ड

शिरपूरची एक मुलगी सध्या जळगावात नोकरी करते. केळीच्या व्यापाऱ्यांकडे वजनकाट्याला जोडलेला संगणक असतो. गाडी काट्यावर चढली की वजन, भाव, कपात, पावती सगळं त्याच्यावर निघतं. त्या प्रोग्रामवर ती काम करते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "दादा, पावतीवर क्विंटलची वेलांटी चुकली होती. एक अक्षर बदललं आणि बिल्डला अकरा मिनिटं लागली. दिवसातून दहा-बारा वेळा हेच. हे असंच असतं का?"

असंच नसतं. पण का नसतं हे सांगायला फोन पुरला नाही, म्हणून लिहायला बसलो. मी धुळ्यात राहून हेच काम करतो. प्रोग्रामर ज्या हत्यारानं आपला प्रोग्राम बांधतात, ते हत्यार नीट चालतं ठेवायचं. त्याला बिल्ड टूल म्हणतात. ते चालत असतं तोवर कुणाला त्याची आठवणही होत नाही, आणि अडलं की सगळ्यांचे हात एकदम थांबतात. कॉलेजात त्यावर फार तर एखादा तास जातो. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्याशी गाठ पडते.

बिल्ड म्हणजे काय

माणूस लिहितो तो कोड म्हणजे नुसता मजकूर. प्रोसेसरला तो कळत नाही. सी किंवा सी++ मधली प्रत्येक फाईल कंपायलर वाचतो आणि तिच्यापासून मशीनच्या भाषेतला एक तुकडा तयार करतो. त्याला ऑब्जेक्ट फाईल म्हणतात. मग लिंकर हे सगळे तुकडे सांधतो आणि चालणारा प्रोग्राम हाती येतो. शिवाय चित्रं आणि फॉन्ट गोळा करणं, टेस्ट चालवणं, इन्स्टॉलर बांधणं अशी पुढची-मागची कामं असतात. ही अख्खी साखळी म्हणजे बिल्ड.

वजनकाट्याच्याच प्रोग्रामचा एक लहानसा नमुना घेऊ. समजा 'वजन', 'भाव' आणि 'पावती' अशा तीन फाईल आहेत. चौथी 'मोजमाप' नावाची हेडर, म्हणजे दोन-तीन फाईलींना लागणारी माहिती एकाच जागी लिहून ठेवलेली फाईल. कपात किती टक्के धरायची ते तिच्यात आहे. 'वजन' आणि 'भाव' ही हेडर वाचतात, 'पावती' वाचत नाही. आता पावतीतलं अक्षर बदललं तर काय करावं लागेल? फक्त 'पावती' पुन्हा कंपाइल करायची आणि तिन्ही तुकडे पुन्हा सांधायचे. 'वजन' आणि 'भाव' यांचे जुने तुकडे जसेच्या तसे चालतील. पण 'मोजमाप' बदलली तर 'वजन' आणि 'भाव' दोन्ही पुन्हा कंपाइल करायला हवेत, 'पावती'ला हात लावायची गरज नाही.

तीन फाईलींचं हे गणित डोक्यात राहतं. तीनशेचं राहत नाही. बिल्ड टूल हे गणित आपल्यासाठी ठेवतं: कोण कुणावर अवलंबून आहे, आणि कमीत कमी काय पुन्हा केलं म्हणजे निकाल पूर्ण बरोबर येईल. 'कमीत कमी' आणि 'पूर्ण बरोबर' या दोन शब्दांची ओढाताण म्हणजेच माझी नोकरी.

ही कल्पना १९७६ सालची. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी चिडून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. सगळी सकाळ एक बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, शोधण्यात गेली होती, आणि अखेर लक्षात आलं की बग कधीच दुरुस्त झाला होता. ती फाईल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, म्हणून जुनाच तुकडा प्रोग्राममध्ये जात होता. फेल्डमन यांनी स्वतः आदल्या संध्याकाळी हाच ताप सोसला होता. फाईलींच्या नात्यांचा मोठा विश्लेषक लिहायचा त्यांचा बेत होता, तो आटत आटत एका शनिवार-रविवारात 'मेक' नावाच्या छोट्या प्रोग्रामवर आला. २००३ मध्ये एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेनं त्याच मेकसाठी त्यांना पुरस्कार दिला. मेक आजही रोज वापरलं जातं.

मेकचा नियम एका ओळीचा आहे. तयार झालेल्या तुकड्याची तारीख-वेळ बघायची, आणि तो ज्यांपासून बनतो त्या फाईलींची बघायची. मूळ फाईल तुकड्यापेक्षा नवी असेल तर तुकडा शिळा झाला, पुन्हा बनवा. नाहीतर सोडून द्या.

शिळं कोणतं, ताजं कोणतं

घड्याळावर भिस्त ठेवली की घड्याळाच्या चुका पदरात येतात. दोन संगणकांची घड्याळं दोन मिनिटांनी पुढे-मागे असली आणि फाईली सामायिक डिस्कवर असल्या, तर मेक गोंधळतं; बिल्ड अपुरा राहिला असू शकतो, असा इशारा ते स्वतःच देतं. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल. त्यात एका शाखेवरून, म्हणजे कोडच्या एका वेगळ्या रूपावरून, दुसरीवर जाऊन परत आलात, तर दोन्हींत वेगळ्या असलेल्या फाईलींचा मजकूर तोच, पण तारीख नवी. मग त्या सगळ्या उगाच पुन्हा. आणि कंपायलरला दिलेले पर्याय बदलले, तर साधं मेक ते पाहतच नाही, कारण कुठल्याच फाईलीची तारीख बदललेली नसते.

म्हणून पुढच्या पिढीची टूल्स तारखेच्या पलीकडे गेली. गूगलनं २०१५ मध्ये खुलं केलेलं बेझेल फाईलीच्या मजकुराचा ठसा घेतं. मजकुरातून गणितानं काढलेला एक आकडा. एक स्वल्पविराम बदलला तरी आकडा पार बदलतो, आणि मजकूर तोच असला की आकडाही तोच. निंजा नावाचं टूल कुठला तुकडा कोणत्या आज्ञेनं बनला त्याचीही नोंद ठेवतं; आज्ञा बदलली की तुकडा शिळा धरतं.

तरी सगळ्यात खोल अडचण इथं नाही. ती आहे न सांगितलेल्या नात्यांत.

वरच्या नमुन्याकडे परत या. समजा 'भाव' फाईल 'मोजमाप' वाचते, हे टूलला सांगायचं राहून गेलं. व्यापाऱ्यांनी कपात बदलली, तुम्ही 'मोजमाप'मध्ये नवा आकडा घातला. टूलनं 'वजन' पुन्हा कंपाइल केलं, 'भाव'ला हात लावला नाही. बिल्ड पास झाला. कुठे लाल अक्षर नाही, इशारा नाही. आणि काट्यावर वजन नव्या कपातीनं निघतंय, पैसे जुन्या कपातीनं. शेतकरी पावती हातात धरून उभा आहे आणि आकडे जुळत नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, "सगळं क्लीन करून परत बिल्ड मार." म्हणजे जुने तुकडे सगळे पुसून पहिल्यापासून बांध. तसं केलं की चूक नाहीशी होते, आणि ती का झाली हे कधीच कळत नाही. मी या 'क्लीन करून मार'च्या फार विरोधात आहे. जी टीम रोज क्लीन करते, तिचा स्वतःच्या बिल्डवरचा विश्वास उडालेला असतो.

यावर इलाज आहेत. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरना सांगितलं, तर कंपाइल करता करता कोणकोणत्या हेडर उघडल्या त्याची यादी ते स्वतः लिहून देतात, आणि टूल पुढच्या वेळी ती यादी वाचतं. म्हणजे माणसाच्या स्मरणशक्तीवर काही सोडायला नको. बेझेल आणखी कडक आहे. प्रत्येक काम ते जमेल तिथे एका बंद खोलीत करवतं आणि त्या खोलीत फक्त जाहीर केलेल्या फाईली ठेवतं. जे जाहीर केलं नाही ते सापडतच नाही, आणि बिल्ड तिथल्या तिथे फुटतो. फुटलेला बिल्ड हा चुकीच्या बिल्डपेक्षा कितीतरी बरा. फुटला तर दहा मिनिटं जातात. चुकीचा निघाला तर पावती हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे पैसे जातात.

पाटकरी

माझं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आमच्या भागात फड पद्धतीचं बागायत होतं. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखाली फड. एका फडात शेतं दहा जणांची, पण पीक सगळ्यांचं एकच, आणि पाणी ठरलेल्या पाळीनं. पाटावर लक्ष ठेवायला पाटकरी. त्याचा मोबदला शेतकरी मिळून द्यायचे. पाणी सोडायच्या आधी सगळ्यांनी मिळून पाटातला गाळ काढायचा, खचलेला काठ बांधून घ्यायचा. तीनशे वर्षांहून जास्त काळ ही रीत चालली. पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी आणि बोअर वाढले, आणि बऱ्याच गावांत पाट मोडकळीला आले.

माझे थोरले काका, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांनी एकदा विचारलं, "तू दिवसभर त्या कॉम्प्युटरवर काय करस रे भाऊ?" मी सांगितलं की कोड दुसरेच लिहितात, त्यांचा कोड ज्या वाटेनं जातो ती वाट मी मोकळी ठेवतो. ते म्हणाले, "मंग तू पाटकरी शे." माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला आजवर मिळालेलं नाही.

पाट एकदा खोदून होतो. गाळ दरवर्षी येतो. बिल्ड टूलमध्ये तो कुठून येतो? कोड जसाच्या तसा ठेवला तरी भोवतालची जमीन सरकत असते. कंपायलरची नवी आवृत्ती येते आणि कालपर्यंत चालणाऱ्या ओळीवर हरकत घेते. ऑपरेटिंग सिस्टम एखाद्या फोल्डरची जागा बदलते. स्क्रिप्ट, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, ज्या भाषेत लिहिल्या होत्या, तिची जुनी आवृत्ती बंद पडते. पायथॉन २ चा आधार जानेवारी २०२० पासून थांबला, तेव्हा कित्येक टूल्सच्या पोटातल्या स्क्रिप्ट नव्यानं लिहाव्या लागल्या. यातल्या कुठल्याच कामानं टूलमध्ये नवं काही येत नाही. ते काल जसं चालत होतं तसं आज चालावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

दुसरा गाळ म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवरचे बग. नंदुरबारच्या एका विद्यार्थ्याचा बिल्ड काही केल्या होईना. कोड बरोबर, कंपायलर बरोबर. शेवटी पाहिलं तर त्याच्या फोल्डरचं नाव 'नवा प्रोजेक्ट' होतं. दोन शब्दांमधली ती मोकळी जागा! मेक फाईलींची यादी मोकळ्या जागेनंच तोडतं, त्यामुळे त्याला 'नवा' आणि 'प्रोजेक्ट' अशा दोन फाईली दिसत होत्या, आणि दोन्ही सापडत नव्हत्या. विंडोजवर आणखी वेगळं. तिथे पूर्ण पत्त्याची लांबी वर्षानुवर्षं २६० अक्षरांवर अडकलेली होती, आणि खोल फोल्डरांत गेलेला बिल्ड मधेच तुटायचा. असे बग सोडवणाऱ्याला ते आपल्या मशीनवर दिसतच नाहीत. म्हणून बग कळवणाऱ्यानं 'चालत नाही' एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही. कोणती आज्ञा दिली, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि तोच त्रास दाखवणारा लहानात लहान नमुना, हे चार मिळाले तर अर्धं काम झालेलं असतं.

टॅबची गोष्ट

मेकच्या नियमांच्या फाईलीत आज्ञेची ओळ टॅबनं सुरू करावी लागते. आठ स्पेस दिल्या तर चालत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे नव्या माणसाचे तास वाया जातात. माझेही गेले आहेत. फेल्डमन यांनी त्या वेळी सोपं पडलं म्हणून टॅब घेतला. काही आठवड्यांत वापरणारे डझनभर झाले, बहुतेक मित्रच. त्या डझनभरांच्या फाईली मोडायला नकोत, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. पुढे ही रचना लाखो फाईलींत गेली. जीएनयू मेक या मेकच्या खुल्या आवृत्तीनं २०१० मध्ये टॅबऐवजी दुसरं चिन्ह निवडायची सोय केली, पण न सांगता मिळतो तो आजही टॅबच.

काही जण ही गोष्ट फेल्डमन यांची चूक म्हणून सांगतात. मला ती वेगळी वाटते. डझनभर माणसांचं काम मोडू नये असं वाटणं हा निगा राखणाऱ्याचा पहिला गुण आहे. अडचण अशी की जुनं न मोडता नव्याकडे नेण्याची रीत तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. ती आम्ही पुढे शिकलो, आणि मी तर ठेच लागूनच शिकलो.

पाचेक वर्षांपूर्वी मी आमच्या टूलमध्ये एक बदल केला. न सांगितलेल्या हेडरवर आधी फक्त इशारा यायचा. मी तिथे बिल्ड थांबवायला लावला. वरचं सगळं वाचल्यावर तुम्हालाही वाटेल की बरोबरच केलं. सोमवारी सकाळी बदल पाठवला. दुपारपर्यंत तीन टीम अडकल्या. त्यातल्या एकीला त्याच दिवशी गिऱ्हाईकाला नवी आवृत्ती द्यायची होती, आणि त्यांच्या कोडमध्ये अशा चाळीसेक जागा निघाल्या. त्यांचा काही दोष नव्हता. काल चालत होतं ते आज मी बंद केलं होतं. संध्याकाळी बदल मागे घेतला आणि प्रत्येक टीमला फोन करून माफी मागितली.

नंतर तेच काम पुन्हा केलं. आधी इशारा अधिक स्पष्ट केला: कुठली फाईल, कुठली ओळ, आणि तिथे नेमकं काय लिहायचं, हे सगळं त्या इशाऱ्यातच. दोन आवृत्त्या तसंच ठेवलं. मग अजून कुणाकडे इशारे येतात ते मोजलं, आणि त्यांच्याकडे जाऊन निम्म्या दुरुस्त्या स्वतःच करून दिल्या. नंतर नवीन प्रोजेक्टना सक्ती केली, आणि सगळ्यात शेवटी सगळ्यांना. पाच महिने लागले. सगळ्यांना सक्ती झाली त्या दिवशी कुणाचाही फोन आला नाही. बेझेलमध्ये यासाठी पक्की वहिवाट आहे. मोडणारा प्रत्येक बदल आधी 'इनकम्पॅटिबल' असं नाव लावलेल्या एका बटणामागे बंद ठेवून येतो. लोक तो आपल्या सवडीनं चालू करून पाहतात, मग तो आपोआप चालू असतो, आणि पुढे जुनी वाट काढून टाकली जाते. आबांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. पाण्याची पाळी बदलायची तर पेरणीच्या आधी, सगळ्यांच्या समोर. पीक उभं असताना नाही.

वेग

वेगाबद्दल बोलताना माणसं पहिल्यापासून केलेल्या पूर्ण बिल्डची वेळ सांगतात. मी आधी वेगळंच मोजतो. काहीही न बदलता बिल्ड चालवा. करायला काही नाही, मग टूलनं किती वेळात 'काही करायचं नाही' म्हणावं? प्रोग्रामर दिवसभर एक-दोन ओळी बदलून बिल्ड चालवत असतो, तेव्हा हाच वेळ त्याला दर खेपेला मोजावा लागतो. निंजाचा जन्म यातूनच झाला. इव्हान मार्टिन तेव्हा क्रोमियम ब्राउझरवर काम करत होते. त्यात तीस हजारांहून जास्त फाईली होत्या आणि एक फाईल बदलल्यावर बिल्ड सुरू व्हायलाच दहा सेकंद जायचे. निंजानं ते एका सेकंदाच्या आत आणलं. कसं? ठरवण्याचं काम कमी करून. निंजाच्या फाईलीत जवळपास काहीच ठरवायचं ठेवलेलं नसतं. सीमेकसारखं दुसरं टूल आधीच सगळं ठरवून ती फाईल लिहून देतं आणि निंजा फक्त पाहतं आणि पळवतं.

दुसरा मार्ग म्हणजे बरोबरीनं कामं चालवणं. प्रोसेसरला आठ कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे आठ भाग, असतील तर एकमेकांवर अवलंबून नसलेल्या आठ फाईली एकदम कंपाइल होतात. याला हद्द आहे. शेतात भरीत करताना काड्यांवर वांगी भाजणं, मिरच्या कुटणं, कांद्याची पात चिरणं एकाच वेळी चालतं. पण भाजल्याशिवाय वांगं ठेचता येत नाही आणि ठेचल्याशिवाय फोडणीला टाकता येत नाही. वीस माणसं बोलावली तरी या साखळीला लागतो तेवढा वेळ लागणारच. बिल्डमध्येही सगळ्यात लांब साखळी कोणती ते आधी शोधावं लागतं; ती तोडल्याशिवाय जास्त कोरचा उपयोग नाही.

बरोबरीनं चालवलं की लपलेली नातीही वर येतात. एरवी 'अ' नेहमी 'ब'च्या आधी व्हायचं, निव्वळ यादीत आधी लिहिलंय म्हणून. आता दोन्ही एकदम सुरू झाली आणि दहातून एकदा 'ब' पुढे निघून जातं. सगळ्यात चिकट बग हेच, कारण पुन्हा चालवलं की होतच नाही. २०२२ मध्ये आलेल्या जीएनयू मेक ४.४ मध्ये यावर सुंदर उपाय आहे: मुद्दाम क्रम पिसायचा. पत्ते पिसावेत तशी कामांची यादी उलटसुलट करून बिल्ड चालवायचा. नाती बरोबर सांगितली असतील तर क्रमानं काही फरक पडत नाही. फुटला तर कुठेतरी एक नातं सांगायचं राहिलंय. ही सोय मला इतकी आवडते की आमच्याकडे दर रात्री एक बिल्ड पिसूनच चालतो.

बाहेरून आणलेल्या लायब्ररींचा, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचा, प्रश्न थोडक्यात सांगतो, कारण त्यातली शिकवण आता बहुतेकांना माहीत आहे. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातून 'लेफ्ट-पॅड' नावाचा ११ ओळींचा तुकडा त्याच्या लेखकानं काढून घेतला आणि जगभर बिल्ड फुटले, कारण मोठमोठ्या लायब्ररी फिरून फिरून त्याच्यावर टेकल्या होत्या. तेव्हापासून शहाणी टीम दोन गोष्टी करते: कोणती आवृत्ती वापरली ते कुलूपबंद लिहून ठेवते, आणि तिची एक प्रत स्वतःकडे ठेवते. पावसात आमच्याकडे नेट गेलं तरी काम अडत नाही, हा त्याचा वरकड फायदा.

दार कुठून उघडलं

२९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं एक गोष्ट उघडकीला आणली. दुसऱ्या संगणकात शिरण्यासाठी वापरतात त्या एसएसएचला त्यांच्या मशीनवर सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. हे का, म्हणून खोदत गेले आणि 'एक्सझेड' या फाईली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत चोरदार सापडलं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत ते होतं, आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या मोठ्या वितरणांच्या, म्हणजे तयार संचांच्या, पक्क्या आवृत्त्यांपर्यंत पोचण्याच्या बेतात होतं.

ते दडवलं कुठे होतं, ते बघा. वाचायला सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या मूळ कोडमध्ये सरळ पाहून ते दिसत नव्हतं. टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या काही फाईलींत ते दाबून भरलेलं होतं, आणि त्यांतून ते बाहेर काढणारी ओळ बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये होती. ती ओळही गिटमध्ये नव्हती; रिलीज म्हणून वाटलेल्या गठ्ठ्यातच तेवढी घातली होती. म्हणजे सगळ्यांनी कोड वाचला असता तरी बिल्डची स्क्रिप्ट कुणी वाचली नसती, हे ओळखूनच जागा निवडली होती.

आणि हे चोरदार बसवणारा माणूस तिथवर पोचला कसा? ही लायब्ररी मुख्यतः एकच माणूस, स्वतःच्या वेळात, सांभाळत होता. थकला होता. 'कामं रखडतायत, दुसऱ्या कुणाला तरी द्या' असा दबाव त्याच्यावर येत होता. तेव्हा एक मदतनीस पुढे आला, दोनेक वर्षं चांगलं काम करत राहिला, आणि विश्वास मिळवून चाव्या घेऊन बसला. मला ही गोष्ट सांगताना राग येतो तो दबाव टाकणाऱ्यांचा. त्या लायब्ररीचं पाणी सगळं जग पीत होतं आणि गाळ काढायला एकटा माणूस होता.

त्यावर तंत्राची एक बाजू आहे, तिला रिप्रोड्युसिबल बिल्ड म्हणतात. तोच कोड, तीच टूल्स, वेगळी मशीन, वेगळा दिवस. तरी निघणारा प्रोग्राम बिट न् बिट तोच यायला हवा. तसा येत असेल तर कुणीही स्वतः बिल्ड करून वाटलेल्या प्रतीशी ताडून पाहू शकतो. डेबियन या लिनक्स वितरणाचे लोक २०१३ पासून यामागे आहेत. यात आडवी येणारी सगळ्यात सामान्य गोष्ट कोणती, तर बिल्डची तारीख-वेळ. कुठली ना कुठली स्क्रिप्ट ती प्रोग्रामच्या पोटात लिहिते, आणि मग दोन बिल्ड कधीच सारखे निघत नाहीत.

शिरपूरच्या मुलीचं गाडं याच दगडाला अडलं होतं. मी तिला आधी काहीही न बदलता बिल्ड चालवायला सांगितला. तरीही अकरा मिनिटं. मग टूलला 'हे पुन्हा का करतोस' ते विचारायला लावलं; बहुतेक टूल्सना तसा पर्याय असतो आणि तो फार थोडे वापरतात. उत्तर प्रत्येक फाईलीसाठी एकच आलं: अमुक हेडर नवी आहे. ती हेडर एक स्क्रिप्ट दर बिल्डला नव्यानं लिहायची, आणि तिच्यात फक्त त्या क्षणाची वेळ असायची. 'मोजमाप'सारखी एक सामायिक हेडर तिला वाचत होती, आणि त्या सामायिक हेडरला सगळ्या सहाशे फाईली. घड्याळ पुढे सरकलं की सहाशेही शिळ्या.

स्क्रिप्ट काढून टाकावी असं तिला वाटलं. मी थांबवलं. ज्यानं लिहिली त्याला आधी विचार. तो माणूस अजून तिथेच होता. त्यानं सांगितलं की रावेरहून काट्यावरून फोन येतो तेव्हा समोरच्याला आवृत्ती सांगता येत नाही. पावतीच्या तळाशी तारीख-वेळ छापलेली असते ती तो वाचून दाखवतो, आणि त्यावरून कोणता बिल्ड चाललाय ते कळतं. कारण खरं होतं, तेव्हा सोय ठेवायलाच हवी होती.

तिनं बिल्डच्या वेळेऐवजी शेवटच्या कमिटची, म्हणजे गिटमध्ये शेवटचा बदल नोंदला त्याची, वेळ घेतली, म्हणजे कोड तोच तर वेळही तीच. ती एका वेगळ्या छोट्या फाईलीत ठेवली, जिला फक्त पावती छापणारा भाग वाचतो. स्क्रिप्टला सांगितलं की मजकूर बदलला असेल तरच फाईल लिही, नाहीतर तिला हात लावू नकोस. आता वेलांटी बदलली की दोन फाईली कंपाइल होतात, लिंकर चालतो, चौदा सेकंद. रावेरहून फोन आला तर पावतीच्या तळाशी पूर्वीसारखीच तारीख असते. तो बदल पाठवताना सोबत तिनं चार ओळींची नोंद लिहिली आहे: ही फाईल कशासाठी आहे, कोण वाचतं, आणि काढायची असेल तर आधी कुणाला विचारायचं.